ड्रोग खाली, मेन वर: रिकव्हरीच्या कामाच्या नोंदी

२ नोव्हेंबर २०२५

दिवाळीनंतर उद्यमनगरातल्या शेडचं शटर आज वर गेलं. रॉकेटच्या बॉडीच्या दोन्ही नळ्या तयार आहेत. पीव्हीसी पाइपवर फायबरग्लास गुंडाळून केल्यात, आतला व्यास ९८ मिमी, रॉकेटची एकूण लांबी २.१ मीटर. मोटर आणि फिन, म्हणजे शेपटीचे पंख, दुसरी पोरं बघताहेत. माझ्याकडे रिकव्हरी, म्हणजे वर गेलेलं धड खाली आणायचं काम.

उड्डाण इथं नाही. उजळाईवाडीचा विमानतळ जवळ आहे आणि परवानगीशिवाय असलं काही आकाशात सोडायचं नसतं. रॉकेट उडणार ते विद्यार्थी स्पर्धेच्या मैदानावर, आयोजक देतील त्या मोटरवर. कोल्हापुरात जे काही करायचं ते जमिनीवर.

दोन पॅराशूट कशाला, हे शेडमध्ये येणारा प्रत्येक जण विचारतो, म्हणून हिशेब फळ्यावर लिहूनच ठेवला. उतरताना वजन सात किलो. जमिनीला टेकताना वेग सेकंदाला ६ मीटर हवा, तर साधं सपाट पॅराशूट २.३ मीटर व्यासाचं लागतं. ते १५०० मीटरवरच उघडलं तर खाली यायला २५० सेकंद. वारा सेकंदाला ५ मीटर धरला तरी रॉकेट सव्वा किलोमीटर लांब जाणार. त्याऐवजी उड्डाणाच्या वरच्या टोकाला ५५ सेंटीमीटरचं छोटं पॅराशूट, म्हणजे ड्रोग उघडायचं, सेकंदाला २५ मीटरनं खाली यायचं आणि २०० मीटरवर मेन, म्हणजे ते मोठं, उघडायचं. सगळं मिळून ८५ सेकंद, आणि रॉकेट जाणार सव्वाचारशे मीटर. एवढं अंतर पायी जाऊन आणता येतं.

६ नोव्हेंबर

आज नुसती चर्चा. नेहमीची मांडणी अशी: सगळ्यात वर नोजकोन, म्हणजे रॉकेटचं नाक, त्याखाली मेनचा कप्पा, मधे उंची मोजणाऱ्या अल्टिमीटरचा कप्पा, त्याखाली ड्रोगचा कप्पा, मग मोटर आणि फिन. वरच्या टोकाला पोचल्यावर अल्टिमीटरच्या कप्प्याखालचा सांधा सुटतो आणि ड्रोग बाहेर येतं. २०० मीटरवर नोजकोन सुटतो आणि मेन बाहेर येतं.

टीममधल्या धाकट्यानं विचारलं, "दादा, उलटं केलं तर? ड्रोग नोजकोनखाली आणि मेन मधल्या सांध्यात?" प्रश्न बावळट नाही. तसं करणारेही आहेत आणि त्यांची रॉकेटं नीट उतरतात. म्हणून ओपनरॉकेट या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही मांडण्या घालून बघितल्या. मेनचं गाठोडं ६५० ग्रॅम, ड्रोगचं ९०. जागा बदलल्या की ५६० ग्रॅम वजन साधारण ८० सेंटीमीटर मागं सरकतं. मोटरसकट साडेनऊ किलोच्या रॉकेटचा गुरुत्वमध्य त्यानं ४७ मिलिमीटर मागं येतो, म्हणजे जवळजवळ अर्धा कॅलिबर (कॅलिबर म्हणजे रॉकेटची जाडी). स्थैर्य १.९ वरून १.४ वर. अजून सुरक्षितच आहे, पण तो अर्धा कॅलिबर परत मिळवायला नाकात शिसं घालावं लागेल. कापडाचं वजन फुकट नाकाकडं मिळत असताना शिसं कशाला घालायचं?

दुसरं कारण मला जास्त पटतं. ड्रोगखाली येताना वरचा तुकडा आपल्या शेपटीकडून टांगलेला असतो, म्हणजे नोजकोन जमिनीकडं. सांधा धरणाऱ्या पिना तुटल्या की नोजकोन आपल्या वजनानं खाली पडतो आणि मेनला ओढतो. गुरुत्वाकर्षण आपल्या बाजूनं.

मेन वर, ड्रोग खाली. ठरलं.

९ नोव्हेंबर

सांधे सोडायला जगभर बंदुकीची काळी दारू वापरतात, ग्रॅम-दोन ग्रॅम. आपल्याकडं ती १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली येते. परवाना नाही, म्हणून विषय संपला. आम्ही कार्बन डायऑक्साइडचं छोटं नळकांडं फोडणार आहोत. स्प्रिंगवर ताणलेली पोलादी सुई, तिला अडवणारा नायलॉनचा दोरा, दोऱ्याभोवती निक्रोमची तार. अल्टिमीटरनं करंट सोडला की तार तापते, दोरा वितळतो, सुई सुटते. एक फायदा असा की वायू थंड असतो, कापड जळायची भीती नाही, आगरोधक फडकं गुंडाळायला नको.

मेनच्या कप्प्याचं क्षेत्रफळ ७५ चौरस सेंटीमीटर, लांबी ४५. एक बार दाब चढवला तर नोजकोनवर साधारण ७५ किलोचा रेटा. तेवढ्याला हिशेबानं सहा ग्रॅम वायू पुरतो. पण बाहेर पडताना तो गारठतो आणि दाब कमी भरतो, म्हणून बारा ग्रॅमचं नळकांडं.

चाचणीला दर वेळी नळकांडं फोडायला आमचे बाप साखरसम्राट नाहीत. एक लिटरची टाकी, कॉम्प्रेसरनं पाच बारपर्यंत भरायची, पुढं चटकन उघडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह. कप्प्यात तेवढाच दाब येतो, फुकटात. लेथवाल्या मामांनी सुईचं घर पितळेत करून दिलं आणि पैसे घेतले नाहीत. "उडलं की सांग," एवढंच म्हणाले.

१२ नोव्हेंबर

शाहूपुरीतल्या बॅगा शिवणाऱ्या काकांकडून मेन आलं. शिवण दुहेरी, दोऱ्या टोकापासून टोकापर्यंत कापडावरून नेलेल्या. काकांनी एका जोडावर स्वतःच तिसरी टीप मारली होती. विचारलं तर म्हणाले, "तिथं ताण येणार. कापडाला इचारलंय मी."

१६ नोव्हेंबर

आजची नोंद लांबणार.

ड्रोगच्या कप्प्याची पहिली चाचणी. जमिनीवर ठेवून सांधा सोडला तर घर्षण अर्धा जोर खातं, म्हणून शेडच्या गर्डरला लांब दोऱ्या बांधून दोन्ही तुकडे आडवे टांगले. वर, हवेत, ते असेच मोकळे असणार. ड्रोग नेहमीसारखं भरलं: आधी कापडाची घडी, वर तुकड्यांना जोडणाऱ्या कॉर्डची चळत. मोबाइल स्लो-मोशनवर.

व्हॉल्व्ह उघडला. फट्ट. सांधा झकास सुटला, दोन्ही तुकडे लांब गेले, कॉर्ड फुलासारखी बाहेर आली. ड्रोग नाही आलं. तुकडे थांबले, परत झुलत आले, तरी ड्रोग आतच.

बॅटरी मारून आत बघितलं. भरताना ड्रोग तोंडापासून चार बोटं आत होतं. आता ते नळीच्या तळाला, मोटरच्या बल्कहेडवर, म्हणजे नळी बंद करणाऱ्या चकतीवर, बरणीत लोणचं दाबावं तसं घट्ट बसलं होतं. घडीची वरची बाजू वाटीसारखी खोल झालेली, कडा नळीला चिकटलेल्या. हातानं ओढताना चांगलाच जोर लावावा लागला.

व्हिडिओ एकेक फ्रेम पुढं नेला की कारण दिसतं. वायू सुटतो अल्टिमीटरच्या बल्कहेडमधून, म्हणजे ड्रोगच्या कप्प्याच्या तोंडाकडून. सांधा सुटायच्या आधी वायूला जागा हवी असते आणि तो कापडाला आत रेटतो. मेनच्या कप्प्यात चित्र उलटं. तिथं त्याच अल्टिमीटरच्या कप्प्याच्या दुसऱ्या बल्कहेडमधून वायू येतो, पण तोंड पलीकडं, नोजकोनकडं. म्हणजे वायू कापडाच्या मागं आणि तो त्याला बाहेरच ढकलतो. एकच कप्पा, दोन्हीकडं तीच नळकांडी, पण मेनला ढकलून बाहेर काढतो आणि ड्रोगला ढकलून आत घालतो.

मामा चहा घेऊन उभे होते. त्यांना व्हिडिओ दाखवला. "आरं, हवा फुडनं सोडल्यावर कापड भाईर कसं यील?" एवढं बोलून ते लेथकडं गेले.

सगळे मेनची काळजी करतात, कारण ते मोठं आणि महाग. पण मेन उघडतं तेव्हा रॉकेट सेकंदाला २५ मीटरनं पडत असतं, कापडाचा कोपरा जरी बाहेर आला तरी वारा बाकीचं खेचून घेतो. ड्रोग सुटतं ते वरच्या टोकाला, जिथं वेग जवळजवळ शून्य. तिथं वारा मदतीला येत नाही. जागेचा विचार खरा करायचा तो या नव्वद ग्रॅमच्या चिंधीसाठी.

१७ नोव्हेंबर

तीन वाटा दिसतात.

एक: वायू नळीतून ड्रोगच्या मागं, तळाशी न्यायचा. पण ती नळी सुटणाऱ्या सांध्यातून जाणार आणि सुटताना कॉर्डमध्ये अडकणार. नको. दोन: नळकांडंच मोटरच्या बल्कहेडवर बसवायचं. मग निक्रोमच्या तारा सांध्यातून न्याव्या लागतात, मधे प्लग येतो, आणि प्लग म्हणजे नक्की निघायचा तेव्हा न निघणारी आणि नको तेव्हा निघणारी वस्तू. बऱ्याच टीम हे करतात, चालतंही, पण मला ती तार नको आहे.

तीन: ड्रोगला ढकलायचा नादच सोडायचा. त्याला ओढून काढायचं.

मोठ्या कामातही कापड ओढूनच काढतात. गगनयानच्या क्रू मॉड्यूलमध्ये एकूण दहा पॅराशूट आहेत; त्यातली मेन तीन, आणि त्यांना बाहेर खेचायला तीन वेगळी पायलट पॅराशूट. २१ ऑक्टोबर २०२३ ला श्रीहरिकोट्याहून टीव्ही-डी१ हे गगनयानचं चाचणी उड्डाण झालं तेव्हा हे सगळं साऱ्या देशानं लाइव्ह बघितलं. आमच्याकडं पायलट नाही, पण लांब जाणारा तीन किलोचा वरचा तुकडा आहे. त्यानंच ओढावं.

२१ नोव्हेंबर

ड्रोगची कॉर्ड सात मीटर. ड्रोगचा फास अल्टिमीटरच्या टोकापासून दोन मीटरवर होता. म्हणजे तुकडे दोन मीटर लांब गेल्याशिवाय ड्रोगला पहिला हिसका बसणारच नाही, आणि तोवर ते तळाशी. फास ९० सेंटीमीटरवर आणला. वरचा तुकडा साधारण मीटरभर लांब, खालचा तुकडा ड्रोगपासून सहा मीटर खाली लोंबणार, दोघांची टक्कर होत नाही. तपासून घेतलं.

भरायचा क्रमही फिरवला. आता तळाशी जाते ती फासापासून मोटरपर्यंतची लांब कॉर्ड, आठाच्या आकारात घडी घालून. ती ड्रोगखाली गादीसारखी बसते आणि त्याला तळापर्यंत जाऊच देत नाही. त्यावर ड्रोग, जाड-आखूड घडीऐवजी सैल आणि लांबुळकं. वर फक्त ९० सेंटीमीटरची कॉर्ड, कडेनं उतरवलेली, ड्रोगच्या डोक्यावर नाही.

भरलेलं सैल आहे की नाही हे ओळखायची जुनी युक्ती: नळीच्या मागच्या टोकाला तोंड लावून फुंकर मारायची, गाठोडं सरकलं पाहिजे. आमच्या नळीला मागं बल्कहेड आहे, त्यामुळं नळी उपडी धरून हलकेच हलवतो. आपल्या वजनानं घसरलं तर ठीक. धाकटा यात पटाईत झालाय.

टाकी भरली, व्हॉल्व्ह उघडला. ड्रोग पहिल्याच हिसक्याला बाहेर. फ्रेम बघितल्या: वायू त्याला अजूनही आत ढकलतोच, पण तीन-चार सेंटीमीटर, आणि मग कॉर्डची गादी त्याला अडवते. लगेच वरची कॉर्ड ताणली जाते. परत केलं. परत बाहेर. टाकीचा दाब मुद्दाम कमी करून केलं, तरी बाहेर.

२३ नोव्हेंबर

शिअर पिना. एम-२ चे नायलॉनचे स्क्रू. एकेक स्क्रू दोन पट्ट्यांत घालून खाली बादली टांगली आणि तुटेपर्यंत पाणी ओतत गेलो. प्रत्येक साधारण १३ किलोला तुटतो. नोजकोनला तीन पिना, म्हणजे ३९ किलो. रेटा ७५ चा, जवळजवळ निम्मा शिल्लक. मधल्या सांध्याला दोन, कारण मोटर विझल्यावर फिनवाला तुकडा हवेनं जास्त मंदावतो आणि नुसता घट्ट बसवलेला सांधा तिथंच उघडू शकतो.

२८ नोव्हेंबर

गळीत हंगाम सुरू, बाहेर उसाच्या ट्रॉल्यांची रांग, शेडमध्ये कुणाचं बोलणं ऐकू येत नाही. हातवाऱ्यांनी चाचण्या.

आजचा प्रश्न: ड्रोगचा झटका बसतो तेव्हा मेन जागेवर राहतं का? वरचा तुकडा कॉर्डवर गपकन थांबतो, पण आतलं मेन आणि पुढचा नोजकोन तसेच पुढं जाऊ बघतात. त्यांना अडवतात त्या तीन पिना. नुसता नोजकोन ४५० ग्रॅम, तर पिना ८६ जी पर्यंत, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ८६ पटीपर्यंत, टिकतात. मेनही त्यावर रेललं तर वजन ११०० ग्रॅम आणि मर्यादा ३५ जी. पिना अकाली तुटल्या तर मेन १५०० मीटरवरच उघडणार, आणि मग तो फळ्यावरचा सव्वा किलोमीटर.

वरचा तुकडा गर्डरवरून नोजकोन खाली करून दोन मीटर पडू दिला, मग कॉर्डनं थांबवला. थांबायला साधारण दहा सेंटीमीटर, म्हणजे वीस जी च्या आसपास. कागदावर पिना आरामात टिकायला हव्यात. मेन घट्ट आखूड गुंडाळून तळाशी भरलं होतं, पुढं नोजकोनपर्यंत १२ सेंटीमीटर मोकळे. दोन पिना गेल्या, तिसरी वाकली.

मोकळी जागा हेच दुखणं. तुकडा थांबला तेव्हा मेन थांबलं नाही. त्यानं १२ सेंटीमीटरची धाव घेतली आणि नोजकोनवर आदळलं. वीस जी चा हिशेब ते नोजकोनला टेकलेलं असेल तरच लागू पडतो.

मग मेन बारीक आणि लांब गुंडाळलं, कप्पा जवळजवळ भरेल असं. पण प्रक्षेपणाच्या वेळी उलट होतं. मोटर जोर लावते तेव्हा कापड मागं दबून बसतं आणि पुढं परत फट पडते. म्हणून नोजकोनच्या पोकळ खांद्यात टीव्हीच्या खोक्यातला फोम कापून चिकटवला, तो मेनवर हलका टेकतो आणि कापड दबलं की फुगून मागं येतो. याचा आणखी एक उपयोग: नोजकोन आतून पोकळ असला की वायू मेनला त्या पोकळीत कोंबतो, आणि नोजकोन सुटला तरी कापड त्याच्या आतच अडकून खाली येऊ शकतं. आता ती पोकळीच बंद.

तोच दोन मीटरचा झटका परत दिला. तिन्ही पिना शाबूत. एक चौथी पीन घालावी असं सगळ्यांचं मत पडलं. माझं वेगळं होतं, कारण प्रत्येक पीन मेन सोडताना पण तोडावीच लागते. शेवटी चार घातल्या: ५२ किलो, ७५ च्या रेट्यात बसतं.

३० नोव्हेंबर

दोन्ही कप्प्यांना तीन-तीन मिलिमीटरचं एकेक भोक. कोल्हापुरातून १५०० मीटर वर गेलं की बाहेरचा दाब ०.१५ बारनं उतरतो. कप्पा हवाबंद असेल तर आतली हवा नोजकोनला अकरा-बारा किलोनं ढकलत राहते. पिनांच्या हिश्श्यातून एवढं का द्यायचं? भोक याहून मोठं केलं तर चाचणीचा वायूच गळतो, ते बघितलं. अल्टिमीटरच्या कप्प्याची भोकं वेगळी. त्या कप्प्याच्या बल्कहेडमधली प्रत्येक तार सिलिकॉननं बुजवली, नाहीतर नळकांडं फुटल्याचा दाब आत जाऊन अल्टिमीटरला भलतीच उंची दिसेल.

४ डिसेंबर

कॉर्डच्या घड्यांना मास्किंग टेपचे वेढे. ताण आला की वेढे एकेक करून फाटतात आणि झटका वाटला जातो. मेनचा फास नोजकोनपासून एक मीटरवर, बाकी चार मीटर अल्टिमीटरकडं, म्हणजे नोजकोन आणि खालचा लवाजमा एका उंचीवर लोंबणार नाही.

७ डिसेंबर

सगळा क्रम एकत्र, खऱ्या नळकांड्यांवर. तुकडे आडवे टांगले, अल्टिमीटरला निर्वात बरणीत घालून उंची दाखवली. ड्रोग बाहेर. मग वरचा तुकडा ड्रोगच्या फासावर, नाक खाली करून साखळी-पुलीनं शेडच्या छताला नेला. बरणीत हवा सोडत आणलं. २०० मीटर म्हणताच चारी पिना एकदम तुटल्या, नोजकोन पडला आणि त्यामागं मेन सगळंच्या सगळं घसरत आलं, काकांच्या तिसऱ्या टिपेसकट. जमिनीवर पडायला जागा कमी होती, अर्धं मामांच्या लेथवर. मामांनी ते बाजूला केलं आणि काम चालू ठेवलं.

नळकांड्यांच्या तोंडावर बर्फ साचला होता. ड्रोगच्या बाजूनं सुटलेल्या वायूचा आवाज टाकीच्या चाचणीपेक्षा मऊ वाटला. दाबमापक बघितला, ०.९ बार. पुरेसं आहे, पण उड्डाण थंडीच्या सकाळी असेल तर आणखी उतरेल. त्या बाजूला सोळा ग्रॅमचं नळकांडं बसतं का बघायला सुईचं घर दोन मिलिमीटर खोल करावं लागेल. मामांना सांगितलंय.

१० डिसेंबर

घर खोल करून आलं, सोळा ग्रॅम बसतं. थंड चाचणीसाठी भरलेला ड्रोगचा कप्पा रात्रभर कोपऱ्यावरच्या आइस्क्रीमवाल्याच्या फ्रीजरमध्ये ठेवला. तो विचारत होता आत काय आहे. सकाळी काढून लगेच टांगला: १.१ बार, ड्रोग बाहेर.

भरायचा क्रम छापून दोन्ही कप्प्यांच्या झाकणांवर लावला. ड्रोगसाठी: लांब कॉर्ड, ड्रोग, आखूड कॉर्ड कडेनं. मेनसाठी: कॉर्ड, मेन, वर काही नाही, फोम टेकतो का बोट घालून बघ. धाकट्यानं खाली पेनानं लिहिलंय, "नाक खाली, तोंड मोकळं". राहू दे. उरलेलं काम म्हणजे पिना. चाचण्यांत बहुतेक संपल्या, नवीन पाकीट मागवलंय, आणि त्या पाकिटातले दोन-चार स्क्रू बादलीला लावून बघितल्याशिवाय रॉकेटला लावायचे नाहीत.